संत्र्याच्या खोडाला बोर्डो मलम का लावतात? तांब्याचे आयन आणि पेशीपटल

वर्धा जिल्ह्यात आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे) या भागातल्या संत्रा बागांमध्ये झाडांच्या बुंध्याला निळसर लेप लावलेला तुम्ही पाहिला असेल. हेच बोर्डो मलम. मोरचूद, चुना आणि पाणी, बस एवढंच! फ्रान्समधल्या बोर्डो इथल्या मिलार्दे यांनी 1885 मध्ये द्राक्षांसाठी हे मिश्रण जगापुढे आणलं. पण ते काम कसं करतं?

शत्रू कोण?

खोडातून डिंक गळतो त्या रोगाला डिंक्या म्हणतात. तो फायटोफ्थोरामुळे होतो. हा दिसतो बुरशीसारखा, पण खरी बुरशी नाही. बरीच बुरशीनाशकं बुरशीतल्या एर्गोस्टेरॉलची निर्मिती बंद पाडतात. फायटोफ्थोरा ते बनवतच नाही, त्यामुळे ही औषधं इथे वाया जातात. पावसाळ्यात त्याचे बीजाणू साचलेल्या पाण्यात पोहत मुळांपर्यंत आणि खोडापर्यंत येतात. पोहताना त्यांना पेशीभित्ती नसते, बाहेर फक्त नाजूक पेशीपटल असतं.

तांबं नेमकं काय करतं?

1. पेशीपटलाच्या बाहेरच्या बाजूला ऋण भार जास्त असतो, तांब्याच्या आयनावर धन भार. त्यामुळे आयन पटलाला चिकटतो.
2. पटलातल्या प्रथिनांच्या गंधकयुक्त भागांना तो धरून बसतो. प्रथिनांचं काम थांबतं.
3. तांबं इलेक्ट्रॉन देतं-घेतं, त्यातून ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होतात. तेल खवट व्हावं तशी पटलातली स्निग्धद्रव्यं खराब होतात.
4. पटल गळू लागतं, पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी मरते.

हल्ला एकाच वेळी अनेक ठिकाणी होतो, म्हणून रोगाला प्रतिकारशक्ती सहजासहजी मिळवता येत नाही.

मग झाड कसं वाचतं?

पेशीपटल तर झाडालाही असतं. नुसतं मोरचूद फवारलं तर पानं करपतात. चुन्यामुळे तांबं जवळजवळ न विरघळणाऱ्या रूपात अडकतं आणि आयन थोडे-थोडे सुटतात.

म्हणून मलम बनवताना 1 किलो मोरचूद 5 लिटर पाण्यात आणि 1 किलो कळीचा चुना 5 लिटर पाण्यात, असे दोन प्लास्टिकच्या बादल्यांत वेगळे भिजवा. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळा. त्यात स्वच्छ लोखंडी खिळा बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर आला, तर मोकळं तांबं शिल्लक आहे. चुना वाढवा. मलम त्याच दिवशी वापरा.

मर्यादा काय?

लेप बाहेरूनच राखण करतो, आत शिरलेल्या रोगाला पोचत नाही. त्यामुळे तो पावसाळ्याआधी आणि नंतर, जमिनीपासून साधारण 1 मीटरपर्यंत लावतात. आणि एक लक्षात ठेवा: तांबं कुजून नाहीसं होत नाही. ते मातीत साठतं आणि जास्त झालं तर गांडुळांनाही बाधतं. म्हणून हवं तिथे, हवं तेवढंच.