निळ्याला हिरवं म्हणणारे दोघे

मागच्या व्याख्यानात आपण सॉलोमन ॲश यांचे रेषांचे प्रयोग पाहिले. सगळा गट चुकीचं उत्तर देतो म्हटल्यावर माणूस स्वतःच्या डोळ्यांवरही अविश्वास दाखवतो. पण मंडळी, नेहमी बहुमतच जिंकत असेल तर समाज बदलतो कसा?

हा प्रश्न धरून बसले सर्ज मॉस्कोविची. जन्म १९२५, रुमानियातल्या ज्यू कुटुंबात. ज्यूविरोधी कायद्यामुळे शाळा सुटली, युद्धकाळात सक्तमजुरी नशिबी आली, १९४८ मध्ये ते पॅरिसला पोचले. बहुमताचं वजन काय असतं हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

१९६९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहा जणींचा गट, ३६ स्लाइड, सगळ्या निळ्या. सहांपैकी दोघी संशोधकांना सामील. त्या दर वेळी ‘हिरवा’ म्हणणार. उरलेल्या चौघींच्या उत्तरांपैकी ८.४२ टक्के उत्तरं ‘हिरवा’ अशी आली. सामील दोघी कधी हिरवा, कधी निळा म्हणू लागल्या, की हे प्रमाण १.२५ टक्क्यांवर घसरलं. म्हणजे थोड्यांचं बळ त्यांच्या सातत्यात, असा निष्कर्ष निघाला.

आता हा आकडा तपासू. ॲशकडे बहुमतापुढे झुकणारी उत्तरं साधारण एक तृतीयांश होती. त्यापुढे आठ टक्के म्हणजे काही फार नाही. शिवाय इथे कुणाचं काय जाणार होतं? रंगाच्या नावावरून कुणाला वाळीत टाकत नाहीत. खऱ्या अल्पमताला मात्र नोकरी, नाती, कधी जीवही पणाला लावावा लागतो. पुढे १९८० मध्ये मॉस्कोविचींनी दावा केला, की अल्पमत माणसाची रंगाची जाणीवच बदलतं. इतरांनी तो प्रयोग करून पाहिला, तेव्हा तसाच निकाल भरवशाने मिळाला नाही. टिकलं ते एवढंच: अल्पमताचा परिणाम चारचौघांत कमी आणि खासगीत, आडवळणाने जास्त दिसतो.

पण माझी मुख्य हरकत तत्त्वज्ञानाची आहे. समाजसुधारकांचं बळ सांगताना हा प्रयोग हमखास उद्धृत होतो. अहो, त्यातलं अल्पमत चूक होतं! स्लाइड निळीच होती. सातत्याने सुधारक बोलतो, तसाच अफवा पसरवणाराही बोलतो. प्रयोग सांगतो मत कसं हलतं; ते हलावं का, हे पुरावा पाहून आपल्यालाच ठरवावं लागतं. विरोधी मत ऐकल्याने विचार अधिक चौफेर होतो, असं शार्लन नेमेथ म्हणतात. त्यांचं काम पुढच्या वेळी पाहू.