नाव एकाचे, काम दुसऱ्याचे

पान गळते ते वाऱ्याने नव्हे. झाड स्वतःच देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर सैल करते. वारा केवळ निमित्त. हा हुकूम कोण देते, हे शोधताना १९६३ साली कॅलिफोर्नियात ओकुमा, ॲडिकॉट प्रभृतींनी कपाशीच्या २२५ किलो कोवळ्या बोंडांतून अवघे ९ मिलिग्रॅम द्रव्य काढले. तिकडे वेल्समध्ये वेअरिंग झाडांचे अंकुर निजवणाऱ्या द्रव्याच्या मागावर होते. १९६५ साली दोन्ही द्रव्ये एकच ठरली आणि १९६७ साली गळतीवरून त्यांचे बारसे झाले: ॲब्सिसिक आम्ल.

पुढे उलगडले की, गळतीचा खरा कारभारी बहुधा इथिलीन वायू असतो. रस्त्यावरील दिव्यांचा गॅस झिरपला की जवळच्या झाडांची पाने झडतात, ही नोंद तर १८६४ सालचीच! ॲब्सिसिक आम्लाचे मोठे काम निराळेच. पाणी तुटले की ते पानांची रंध्रे मिटवते आणि झाड तगवते.

हजेरीपटावरचे नाव आणि प्रत्यक्ष काम यांतले अंतर आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना परके नाही. ज्याच्या माथी गळतीचा शिक्का बसला, तेच दुष्काळात राखणदार निघाले. विज्ञानाने कामाची नोंद सुधारली. नाव तसेच राहिले. शिक्का पाहून माणसाचा निवाडा करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.