तारामतीच्या पदराआडचा कामगार

श्रोतेहो, म्हशाच्या जत्रेतला तमाशा आपण पाहिला आहे. गौळणीतली मावशी हा लुगडे नेसलेला पुरुष असतो, हे आपणां सर्वांस ठाऊक. तरी खेळ संपेपर्यंत आपण तिला मावशीच मानतो. आपल्या चित्रपटाचा पायाही अशाच सोंगावर घातला गेला.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. मूळ कथाच ओळख हरवल्याची. राजा डोंबाचा चाकर होऊन स्मशान राखतो आणि मुलाचे प्रेत घेऊन आलेल्या आपल्याच पत्नीकडे, ती कोण हे न ओळखता, कर मागतो.

पडद्यामागे आणखी एक ओळख झाकलेली होती. तारामतीसाठी बाई मिळेना, कारण सिनेमात उभे राहणे त्या काळी कमीपणाचे समजत. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात राबणारे अण्णा साळुंके तारामती झाले. तेथे त्यांना महिना दहा रुपये मिळत. फाळक्यांनी पंधरा देऊ केले, असे सांगतात. आमच्यासारख्या चळवळीतल्या माणसांना हे पाच रुपये फार बोलके वाटतात. मंडळींनी बाहेर 'हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत' असे सांगावे, ही फाळक्यांची युक्तीही प्रसिद्धच आहे. सिनेमावाल्याला नावे ठेवणारे लोक कारखान्यातल्या कामगाराला नावे ठेवीत नसत!

पुढच्या 'मोहिनी-भस्मासुरा'त उलट नवल घडले. मोहिनी म्हणजे स्त्रीरूप घेतलेला विष्णू. ती भूमिका मात्र खऱ्या मुलीने, कमलाबाईंनी केली. त्यांच्या आई दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या. साळुंके १९१७ च्या 'लंकादहना'त राम आणि सीता, दोन्ही झाले.

हे आम्ही का सांगतो? एका कारखान्यात एक गडी दुसऱ्याच्या नावावर राबत असलेला आम्ही पाहिला. नाव परक्याचे, घाम याचा. यंत्रात त्याची बोटे गेली, आणि भरपाई मागू गेलो तो कागदावर तो माणूसच नाही! अपघात झाला तो हजेरीपुस्तकातल्या नावाला, बोटे गेली ती बिननावाच्या माणसाची.

साळुंक्यांनी तारामतीचे सोंग घेतले, पण त्यांचे नाव शंभर वर्षांनंतरही आपण घेतो. सोंग रंगभूमीवर शोभते, हजेरीपुस्तकात नव्हे. तेव्हा मंडळी, कामावर जाताना पुस्तकात आपले नाव लिहिले आहे की नाही, एवढे पाहूनच हत्यार हाती घ्या.