मागण्याचं व्याकरण

मुरबाडच्या स्टँडावरून टोकावड्याकडे एसटी सुटली की कंडक्टरच्या कानावर जी वाक्यं पडतात, त्यांत क्रियापद नसतं. 'एक टोकावडे.' 'दोन फुल, एक हाफ, सरळगाव.' त्याचं उत्तरही तेवढंच: 'सुट्टे काढा.' माळशेजला पावसाळ्यात फिरायला जाणाऱ्या शहरी मंडळींना हे बोलणं तुसडं वाटतं. इथल्या लोकांना साधं 'प्लीज' म्हणता येत नाही, असं मी शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. मला ते मुळीच पटत नाही. मराठीची अदब कुठे राहते हे ठाऊक नसलं की असा समज होतो.

'कृपया' हा शब्द आधी बघू. संस्कृत 'कृपा' या नामाचं हे तृतीयेचं एकवचन, म्हणजे 'कृपेने'. शब्द विभक्तीसकट जसाच्या तसा उचललेला आहे, म्हणून मराठीच्या तोंडात तो अजून रुळला नाही. तो पाटीवर असतो, स्टेशनच्या भोंग्यात असतो, निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी असतो. 'कृपया मीठ दे' असं घरात कुणी म्हणालं, तर काहीतरी बिनसलंय असं समोरच्याला वाटेल. 'कृपा करून' आणि 'मेहेरबानी करून' हे शब्द बोलण्यात आहेत, पण ते बहुधा माणूस वैतागला की येतात: 'मेहेरबानी करून गप्प बस.'

विनंतीला असा एकच ठरावीक शब्द नसणारी मराठी ही एकटी भाषा नव्हे. स्वीडिश शिकू लागलेल्याला पहिल्याच धड्यात ही अडचण येते. तिथे 'प्लीज'च्या जागी बसवायला नेमका शब्द नाही. दुकानात 'एन कफ्फे, तक्क' म्हणायचं: 'एक कॉफी, आभार.' क्रियापद नाही. आभार मात्र आधीच मानून टाकलेले. म्हणजे टोकावड्याच्या तिकिटाचंच वाक्य, शेवटी एक शब्द जोडलेला. 'स्नेल्ला' असा एक शब्द आहे, त्याच्या मुळाशी 'भला, दयाळू' हा अर्थ. पण मोठ्या माणसाने तो उठसूट वापरला तर गयावया केल्यासारखं ऐकू येतं. खरी अदब क्रियापदात असते. 'स्कुल्ले दू कुन्ना' अशी सुरुवात करायची, म्हणजे साधारण 'तुला जमू शकलं असतं का'. स्वीडिश माणूस त्यासाठी भूतकाळी रूपाकडे जातो. आपण भविष्याकडे जातो: 'देशील का', 'द्याल का', 'जमेल का'. दोन्हीकडे मागणारा आत्ताच्या क्षणापासून थोडा बाजूला होतो आणि नाही म्हणायला समोरच्याला वाट ठेवतो.

त्यात आपल्याकडे 'जरा' आहे. अरबीतला 'ज़र्रा' म्हणजे कण, धुळीचा सूक्ष्म अंश. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि परिमाण सोडून विनंतीत शिरला. 'जरा दार लाव' म्हणताना दार कणभर लावायचं नसतं. तुझ्यावर पडणारा भार कणाएवढाच आहे, असं सांगायचं असतं. खाली कोकणात 'वायच' हेच काम करतो. शेवटी 'ना' आला, आधी 'मावशे' किंवा 'दादा' आला, की मराठी विनंती पुरी झाली. या तिघांत सगळ्यात जड शब्द नात्याचा. ओळखपाळख नसताना एखादीला मावशी म्हटलं, की तिने नाही म्हणणं अवघड होतं.

शहापूर तालुक्यातल्या कुठल्याही विहिरीवर उन्हाळ्यात उभं राहावं. भरलेला हंडा एकटीला डोक्यावर चढवता येत नाही. 'मावशे, जरा हंडा उचलू लाग ना.' या वाक्यात 'मदत' हा शब्द नाही. मदत अरबी आहे, उशिरा आलेली आहे. त्याआधीपासून मराठीचं हे खास रूप आहे: क्रियापदाला 'ऊ' आणि पुढे 'लागणे'. भाजी निवडू लाग, लावणीला रोपं काढू लाग, भारा बांधू लाग. 'लागणे' हे संस्कृत 'लग्न' या रूपाशी जोडलेलं आहे, म्हणजे चिकटणे, जोडलं जाणे. माझ्या कामाला तुझा हात जोडला जाऊ दे, एवढंच मागणं. तोच शब्द माणसं सुरुवातीसाठीही वापरतात, 'पाऊस पडू लागला'. पण विहिरीवर कुणाचा घोटाळा होत नाही. ज्या भाषेत मदत मागायला धातूचं एक वेगळं रूप घडलेलं आहे, तिला बेमुर्वत कसं म्हणायचं?

आता 'तू'चा प्रश्न. शहापूर-मुरबाडच्या ठाकर आणि कातकरी वाड्यांवर वडीलधाऱ्यालाही 'तू' म्हणायची रीत आहे, आणि वाडीवरचं पोर शाळेत आलं की गुरुजींनाही 'तू ये' म्हणतं. बऱ्याच पोरांना यावरून बोलणी बसली आहेत. त्या पोराने उद्धटपणा केलेला नसतो. स्वीडनमध्ये 1960च्या दशकाच्या अखेरीस सगळा देशच त्या पोराच्या वाटेने गेला. तोवर तिथे अनोळखी किंवा मोठ्या माणसाला थेट सर्वनामाने हाक मारणं टाळत. डॉक्टरच्या तोंडावरच 'डॉक्टर कॉफी घेतील का?' असं तृतीयपुरुषी विचारत. 1967 साली तिथल्या आरोग्य खात्याचे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी आपण सगळ्या कर्मचाऱ्यांना 'दू' म्हणणार आणि त्यांनीही तसंच म्हणावं, असं सांगितलं. चाल आधीच सुरू झाली होती. त्यांच्या नावाने ती लक्षात राहिली. आपल्याकडे ती जुनी तऱ्हा अजून कचेरीत जिवंत आहे: 'साहेबांनी लक्ष घालावं.' साहेब समोर बसलेले असतात, तरी त्यांच्याबद्दल बोलायचं, त्यांच्याशी नाही.

म्हणून मागण्याचं खरं दफ्तरी व्याकरण तहसील कचेरीत भेटतं. अर्ज सुरू होतो 'मे. तहसीलदार साहेब' असा. हा 'मे.' दुकानाच्या नावाआधीचा मेसर्स नव्हे; तो 'मेहेरबान'. 'अर्ज' अरबी, समोर मांडणे या अर्थाचा. आणि 'विनंती'? ती संस्कृत 'विज्ञप्ती'तून प्राकृत 'विण्णत्ति' होऊन आली. मुळात तिचा अर्थ कळवणे. पेशवाईच्या पत्रांत 'विनंती' आणि 'विज्ञापना' शेजारी शेजारी नांदतात, त्या खरं तर सख्ख्या बहिणी. गंमत अशी की 'आज्ञा'ही त्याच 'ज्ञा' धातूची. वरून खाली कळवलं की आज्ञा, खालून वर कळवलं की विनंती, कळवणं तेच. 'मागणे'ची हकीकत याहून रानातली आहे. 'मृग'पासून 'मार्ग', म्हणजे आधी जनावराची वाट, त्यावरून 'मार्गति', शोधतो, प्राकृतात 'मग्गइ', मराठीत 'मागणे'. माहुलीच्या रानात सशाचा माग काढणाऱ्याचा 'माग' आणि हा धातू एकाच घरचे. मागणारा मुळात हात पसरणारा नव्हता, शोधणारा होता.

तानसा धरण 1892 साली पुरं झालं. तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं शहापूर तालुक्यात आहेत, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्याच्या कितीतरी पाड्यांवर टँकर लागतो. तो मागण्याचा अर्ज असा: 'विषय : पिण्याच्या पाण्याचा टँकर मिळणेबाबत.' मग 'वरील विषयास अनुसरून' आणि शेवटी 'तरी टँकर मिळावा ही नम्र विनंती.' हा कागद वाचला की माझी नजर 'नम्र'वर थांबत नाही, 'मिळावा'वर थांबते. 'करावे', 'द्यावे', 'मिळावे' यांतला 'वा-वी-वे' संस्कृत 'तव्य' प्रत्ययातून आला आहे, तोच जो 'कर्तव्य'मध्ये आहे. व्याकरणकार याला विध्यर्थ म्हणतात. करावे म्हणजे करणं योग्य आहे, करणं भाग आहे. अर्जदार खाली वाकून 'नम्र' लिहितो, आणि त्याच ओळीत क्रियापद साहेबाला त्याचं कर्तव्य सांगून मोकळं होतं. लिहिणाऱ्याच्या मनात हे नसेलही. शब्दाच्या हाडात आहे.

हा अर्ज धूळ खात पडला की बायका रिकामे हंडे घेऊन पंचायत समितीवर मोर्चा नेतात, आणि तिथे विध्यर्थ संपतो. घोषणा असते: 'पाणी मिळालंच पाहिजे!' हे 'पाहिजे' फार जुनं रूप आहे. संस्कृत 'क्रियते'पासून 'कीजे' झालं, त्या साच्यातली 'बोलिजे', 'म्हणिजे' अशी कर्मणी रूपं ज्ञानेश्वरीत जागोजाग आहेत. शिवकालीन पत्रांच्या अखेरीला 'जाणिजे' येतं. ती सारी पंगत उठून गेली. मागे राहिलं 'म्हणजे', आणि पाहणेपासून झालेलं 'पाहिजे': पाहिलं जातं, वाट पाहिली जाते, शोधलं जातं, आणि म्हणून हवं असतं. मोर्चातल्या बाईच्या तोंडी ते 'पायजे' होतं. त्याला 'जरा' लागत नाही, मावशीचं नातं लागत नाही, आणि 'देशील का'मधली नाही म्हणायची वाट त्यात ठेवलेली नाही.