निवडुंगाच्या माळावरील कारखाना

खेड्यांत कारखाना काढावा, तेथें जमीन स्वस्त व मजूरही स्वस्त, असा उपदेश आमच्याकडे फार दिवसांपासून ऐकूं येतो. उपदेश करणारे बहुधा शहरांतच राहतात, तें असो. किर्लोस्करवाडीचा इतिहास पाहिला म्हणजे या स्वस्ताईची खरी किंमत कळते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर आपखुशीनें खेड्यांत गेले नव्हते. लोखंडी नांगर व कडबा कापण्याचीं यंत्रें तयार करणारा त्यांचा बेळगांवचा कारखाना म्युनिसिपालिटीच्या निर्बंधांमुळें हलविणें भाग पडलें. तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन दिली आणि बिनव्याजी कर्जही दिलें. १९१० सालीं तेथें वस्ती पडली. जमीन मिळाली खरी, पण ती निवडुंगानें व सापांनीं भरलेली! शहरांत कारखानदार महिन्याचा पगार देऊन मोकळा होतो. या माळावर कामगाराला आधीं घर हवें, प्यावयास पाणी हवें, दुखण्याला औषध हवें, मुलांना शाळा हवी. आणि हें सर्व करणारा कारखान्यावांचून दुसरा कोणी नाहीं. ज्या म्युनिसिपालिटीनें लक्ष्मणरावांना बेळगांव सोडावयास लावलें, तिचेंच काम आतां त्यांच्या गळ्यांत पडलें! लक्ष्मणरावांचे बंधु रामूअण्णा यांनीं वसाहतीचा हा कारभार सांभाळला. कसबी माणसें आयतीं मिळण्यासारखीं नव्हतीं. अर्धवट शिकलेल्यांना हाताशीं धरून तयार करावें लागलें, आणि शिक्षा भोगून आलेल्यांना विश्वासानें पहाऱ्यावर ठेवण्यांत आलें.

मग लाभ कोणता? आमच्या मतें गिऱ्हाइकाचा शेजार हाच मोठा लाभ. लोखंडाच्या फाळानें जमीन विषारी होते, अशा समजुतीमुळें पहिले नांगर कित्येक दिवस विकले गेले नव्हते. असा संशयी शेतकरी कुंपणापलीकडेच नांदत असतां त्याच्या अडचणी कारखानदाराला कागदावर वाचाव्या लागत नाहींत.

तथापि एक गोष्ट विसरतां येत नाहीं. या उद्योगामागें एक संस्थानिक उभा होता. ओगलेवाडीच्या कांचकारखान्यालाही त्याच राजाश्रयाचा आधार मिळाला. ज्या उद्योजकाला असा पाठीराखा नाहीं, त्याला विहीर खणण्यांतच भांडवल संपविण्याची पाळी येते. पुढें किर्लोस्करांनींही १९४१ सालीं हरिहरला आणि १९४६ सालीं बंगळूर व पुण्याजवळील खडकी येथें नवे कारखाने उभारले. दुसरा ओसाड माळ शोधला नाहीं. १९४८ सालीं गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलींत वाडीचा कारखाना आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला, तरी तो तेथून हलविण्यांत आला नाहीं. पंप तेथें आजही तयार होतात, आणि कुंडल रोड स्टेशनाचें नांव किर्लोस्करवाडी झालें आहे.