कुरुंद्याचा जुना नकाशा टेक्सासला कसा पोहोचला?

वसमत तालुक्यातील कुरुंदा. गावाचा परिसर सुमारे सत्तर वर्षांपूर्वी कसा होता हे नकाशावर पाहावयाचे असेल, तर आज सर्वांत सोपी वाट ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयातून जाते. त्यामागची कथा या थ्रेडमध्ये.

दुसऱ्या महायुद्धात उतरताना अमेरिकी सैन्याजवळ जगातील कित्येक भूभागांचे पुरेसे नकाशे नव्हते. ‘आर्मी मॅप सर्व्हिस’ या लष्करी विभागाने तेव्हा देशभरातील ग्रंथालये धुंडाळून नकाशे जमविले. युद्ध संपताच स्थिती पालटली. स्वतः छापलेल्या आणि शत्रूकडून हस्तगत केलेल्या नकाशांनी गोदामे भरली होती. १९४५ नंतर विभागाने हे अतिरिक्त नकाशे विद्यापीठांच्या ग्रंथालयांना वाटण्यास आरंभ केला. घेतलेल्या मदतीची ती एक प्रकारे परतफेडच.

लायब्ररी ऑफ काँग्रेसपुढेही हाच पेच होता. एकाच नकाशाच्या अनेक प्रती, आणि त्या लावायला माणसे नाहीत. तोडगा मोठा व्यवहारी निघाला. १९५१ पासून अन्य ग्रंथालयांचे कर्मचारी उन्हाळ्यात वॉशिंग्टनला येत, नकाशांची वर्गवारी करीत आणि मोबदल्यात जादा प्रती आपल्या ग्रंथालयासाठी घेऊन जात.

याच विभागाने १९५० च्या दशकात भारत-पाकिस्तानची ‘यू ५०२’ ही मालिका काढली. प्रमाण १ : २,५०,०००, म्हणजे नकाशावरील १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अडीच किलोमीटर. आधार मात्र सर्व्हे ऑफ इंडियाच्या पाहणीचा. टेक्सासच्या ग्रंथालयाने ही पत्रके स्कॅन करून सर्वांना मोफत खुली केली.

आता कुरुंद्याकडे. १९५६ पर्यंत हे गाव हैदराबाद राज्याच्या परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा झाला तो १९९९ मध्ये. येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे १९६८ मध्ये पूर्ण झाली. त्यामुळे पूर्णा प्रकल्पाचे जलाशय व कालवे येण्यापूर्वीचा मुलूख या मालिकेत दिसतो.

जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात पुराचे पाणी घरांत शिरले. ओढ्यांचे जुने पात्र कोठून जात होते, हा प्रश्न तेव्हा पुस्तकी राहत नाही. पण एवढ्या लहान प्रमाणावर गाव म्हणजे जेमतेम एक ठिपका! खरे उत्तर मिळेल ते ‘एक इंची’ पत्रकांत, म्हणजे एका मैलास एक इंच या प्रमाणाच्या नकाशांत. वसमत-नांदेडचा टापू सर्व्हे ऑफ इंडियाच्या ‘५६ ई’ या क्रमांकाखाली येतो, आणि त्यात अशी १६ पत्रके बसतात.

भूगोलाच्या प्रात्यक्षिकांसाठी आपल्या महाविद्यालयांनीही अशी पत्रके घेतली. परंतु जादा प्रती एका ग्रंथालयाने दुसऱ्याला देण्याची वॉशिंग्टनसारखी रीत येथे रुळली नाही. शिवाय २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणापूर्वी अनेक पत्रकांवर ‘रिस्ट्रिक्टेड’चा शिक्का असे, ती कोणाला सहज देताही येत नसत. कोण्या जुन्या भूगोल विभागाचे कपाट रिकामे होत असल्याचे कळले, तर पत्रकाच्या वरच्या कोपऱ्यातील क्रमांक आधी वाचावा.