स्कॉटलंड यार्डची वास्तू

रहस्यकथा वाचणाऱ्या माणसाला स्कॉटलंड यार्ड हे नाव पाठ असते. पण हे नाव पडले ते एका मागच्या दारावरून. १८२९ साली लंडनचे पोलिस दल उभे राहिले, तेव्हा त्याची कचेरी व्हाइटहॉल प्लेसमधल्या ४ नंबरच्या घरात होती. घराची मागची बाजू ग्रेट स्कॉटलंड यार्ड नावाच्या आवाराकडे होती. तेच नाव लोकांच्या तोंडी बसले. पुढे दल वाढले, घर पुरेना. त्यात १८८४ साली आयरिश क्रांतिकारकांनी याच कचेरीशी बॉम्ब उडविला.

नवी जागा मिळाली ती थेम्स नदीच्या काठी. तिथे १८७५ मध्ये एका भव्य ऑपेरागृहाचे काम सुरू झाले होते. पैसे संपले आणि गाणे पायातच राहिले. त्या जागेवर रिचर्ड नॉर्मन शॉ या वास्तुविशारदाने १८८७ ते १८९० या काळात पोलिसांची इमारत उठविली.

ही इमारत पाहावी ती खालून वर. तळाला ग्रॅनाइटचे भक्कम चिरे, त्यांवर लाल विटा आणि पांढऱ्या पोर्टलंड दगडाचे आडवे पट्टे. कोपऱ्यांवर गोल बुरूज. आपल्या गढीचा बुरूज जमिनीतून उठतो. हे मात्र स्कॉटलंडमधल्या जुन्या किल्ल्यांप्रमाणे वरच्या भिंतीतूनच बाहेर काढलेले. पार्लमेंटात काहींनी या इमारतीला नावे ठेवली. मला विचाराल तर पोलिस कचेरीला हाच तोंडवळा शोभतो.

आणि तो ग्रॅनाइट फोडला कोणी? डार्टमूरच्या तुरुंगातल्या कैद्यांनी! सांगणारे ही गोष्ट गमतीने सांगतात. मला तिच्यात फारशी गंमत वाटत नाही.

त्याहून विलक्षण गोष्ट तळघराची. २ ऑक्टोबर १८८८ रोजी, बांधकाम चालू असतानाच, तिथे एका स्त्रीचे शिर नसलेले धड सापडले. तिचा एक हात सप्टेंबरातच थेम्समध्ये मिळाला होता. व्हाइटचॅपलमधल्या खुनांनी लंडन हादरलेले होते, तेच हे दिवस. ती बाई कोण, हे कधीच कळले नाही. खुनीही सापडला नाही. वर मजले मात्र चढत राहिले.

१९६७ साली पोलिसांनी ही जागा सोडली, नाव तेवढे बरोबर नेले. २०१६ साली ते पुन्हा नदीकाठी, शेजारच्याच इमारतीत आले. शॉच्या वास्तूत आता पार्लमेंटच्या सभासदांच्या कचेऱ्या आहेत.